रेषेच्या आत मुकुंदचा पाय

मोरेश्वर मास्तरानं छायाला पाहून घेतलं होतं, चिवडा खाऊन गेला होता, पसंतीही कळवली होती. मोरेश्वरला नीट पारखून पाहायचं मात्र छायाच्या आईचं, केसरबाईचं, राहूनच गेलं होतं. आपल्याकडं घरचे पुरुष मुलगा पाहायला म्हणून जातात आणि त्याचं वावर अन् संत्र्याची झाडं पाहून येतात. मुलगा कोणी पाहतच नाही.

म्हणून पांढुर्ण्याच्या मैदानावर सौंसरच्या पोरांशी बास्केटबॉलचा सामना ठरला आणि पंच म्हणून तिगावचा हाच मास्तर येणार असं कळलं, तेव्हा केसरबाई छायाला घेऊन मैदानाच्या कडेला बायकांमध्ये जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी साक्षगंध होतं, साखरपुडाच म्हणा ना.

त्या हिवाळ्यात नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं आणि सौंसर-पांढुर्णा भोपाळच्या पदरात पडलं होतं. राज्य बदललं तरी दोन गावांची चुरस तीच होती. केसरबाईचा धाकटा, मुकुंद, पांढुर्ण्याकडून खेळत होता. तिचे दीर भगवंतराव सगळ्यांना सांगत फिरत होते की पंच आपला जावई आहे, आता काय हरतो आपण.

खेळ संपत आला तरी दोन्हीकडचे गुण सारखे. तेवढ्यात सौंसरच्या पोराला धक्का बसला आणि त्याला कडीत एक मोकळा चेंडू टाकायला मिळाला. बाकीची पोरं कडीपुढं आखलेल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना रेषेवर उभी राहिली; चेंडू कडीला लागेस्तोवर आत पाय टाकायचा नाही. केसरबाईला ते अंतरपाट धरल्यासारखं वाटलं. हार हातात असला तरी पाट निघेस्तोवर पुढं सरकायचं नाही.

चेंडू कडीला आपटून बाहेर आला. मुकुंदनं तो झेपावून धरला, पळत गेला आणि पलीकडच्या कडीत टाकला. पांढुर्णेकरांनी टोप्या उडवल्या. शिट्टी केव्हाच वाजली होती, ती कोणाच्या कानावर गेलीच नाही. मोरेश्वर जागचा हलला नव्हता. चेंडू कडीला लागायच्या आधीच मुकुंदचा पाय पट्टीत पडला होता, म्हणून सौंसरच्या पोरानं पुन्हा टाकायचा, असं त्यानं सांगितलं. पोरानं टाकला. या वेळी आत गेला. पांढुर्णं हरलं.

भगवंतराव तरातरा भावजयीकडं आले. चेंडू हुकलाच होता, मुकुंदच्या पायानं काय तो ढकलला होता का, असं म्हणत त्यांनी मास्तराचा उद्धार केला. ज्याला सासुरवाडीची लाज नाही त्याला मुलगी द्यायची नाही, आताच निरोप पाठवतो, म्हणाले. छायानं मान खाली घातली अन् पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

केसरबाईनं मास्तरालाच बोलावून घेतलं. तो घामेजलेला येऊन उभा राहिला.

"काहो मास्तर, चेंडू पहिल्यांदाच आत पडला असता त?"

"मग गुण धरला असता, काकू. मुकुंदच्या पायाकडं बघितलंच नसतं."

"अन् पाय त्यायच्याच पोराचा पडला असता त?"

"मग आत पडलेला चेंडूसुद्धा बाद."

केसरबाईनं जरा विचार केला. म्हणजे ज्यानं घाई केली त्याच्या पदरात काही पडू द्यायचं नाही, एवढाच हा कायदा. तिनं मुकुंदकडं पाहिलं.

"पाय पडला होता काय रे?"

"थोडासा, माय."

"थोडासा पाय कसा पडते? पडला म्हन ना."

मग ती दिराकडं वळली. "भाऊजी, उद्या छायाचं अन् तिच्या सासूचं वाजलं, त हा ना मायचं तोंड पाहीन ना बायकोचं. कोनाचा पाय कुठं पडला थेच पाहीन. दुसरा असता त आज आपल्याकडून बोलला असता, अन् लग्न झाल्यावर मायकडून. मले हाच पाह्यजे."

भगवंतरावांनी निरोपाचा विषय सोडून दिला. शाळा न शिकलेल्या भावजयीशी वाद घालून ते आजवर एकदाही जिंकले नव्हते.

मास्तर लाजून मैदानाकडं परत गेला. केसरबाईनं लेकीला कोपरानं ढोसलं.

"तुले कसा वाटून राहिला?"

छाया हसू दाबत म्हणाली, "माहा पाय चुकला त घरातबी शिट्टी वाजवीन हा."

"वाजवू दे," केसरबाई म्हणाली. "त्याचा चुकला त तू वाजवजो."