स्पिरिटचा वास

“तोंड उघडा बरं,” दारातच मथुराबाई म्हणाली.

बेचाळीस वर्षांच्या मच्छिंद्रनं शाळेतल्या पोरासारखा आ केला. बायकोनं वास घेतला. तोंडाला काही नव्हतं; सदऱ्याला मात्र उग्र दर्प होता.

“आगं, गुलाबाच्या औषिधाचा हाय. ती पूड पान्यात इरघळत न्हाय. आदी स्पिरिटमधी कालवावी लागती.”

“म्या इस्वास ठिवते वो. वस्तीचं काय?”

वस्तीचंही चुकत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी हाच मच्छिंद्र ढोकीच्या रस्त्याकडेला कुठंही पडलेला सापडायचा. मग एका बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर त्यानं दारू सोडली, ती कायमची. तेव्हापासून दर पौर्णिमेला पंचशील तो म्हणायचा आणि वस्ती त्याच्यामागून. पाचवं शील दारूचं. तिथं त्याचा आवाज चढायचा, बायका पदराआड हसायच्या. त्या मानावरच तो जगत होता म्हणा ना.

नोकरी सहकारी फूलसंस्थेत. छत प्लॅस्टिकचं, पण सगळे म्हणायचे काचघर. बाहेर सलग दुसऱ्या वर्षी विहिरी कोरड्या पडल्या होत्या आणि आत गुलाब. हैदराबादच्या व्यापाऱ्याला दांडा हातभर लांब हवा, म्हणून मल्लिनाथसाहेबांनी हे वाढीचं औषध आणलेलं. साहेब शेतकी कॉलेजातले, वयानं लहान, मच्छिंद्रला अहो-जाहो करणारे. फवारणीच्या दिवशी ते चिमूटभर पूड आणि स्पिरिटची छोटी बाटली हातात ठेवायचे. कालवताना थोडं हातावर यायचं, थोडं कपड्यांवर, आणि बंद काचघराच्या उकाड्यात वास अंगात मुरायचा.

दुसऱ्या दिवशी विहाराचं बघणारे ज्ञानोबाकाका भेटले. म्हातारा कधी वाकडं बोलायचा नाही.

“मच्छिंद्रा, या पुनवंला वंदना दुसरं कुनी घील.”

“काका, औषिध हाय वो त्ये.”

“समदेच औषिध म्हनत्यात, बाबा.”

मच्छिंद्रच्या ते फार जिव्हारी लागलं. पुढच्या फवारणीला त्यानं बाटली कुंपणापाशी ओतून दिली. भरलेली परत केली तर साहेब विचारणार, ही धास्ती. पूड त्यानं गरम पाण्यात घातली, काठीनं ढवळली, फडक्यातून गाळली. विरघळल्यासारखी दिसली. त्यानंतरच्या दोन फवारण्याही त्यानं तशाच उरकल्या. सदऱ्याला वास येईना. मथुराबाईनं त्याला काकांसमोर नेऊन उभं केलं, काकांनी सदरा हुंगला आणि मान डोलावली. पौर्णिमेला पाचव्या शीलावर मच्छिंद्रचा आवाज असा चढला, की विहाराबाहेरची कुत्री भुंकली.

तीन आठवड्यांनी काचघरात बघवेना. काही ओळींत दांडा तसूभरही वाढलेला नव्हता. काही ठिकाणी औषधाचे गोळेच्या गोळे पडले असणार. तिथले दांडे काडीसारखे लांबले होते आणि कळ्यांच्या माना खाली पडल्या होत्या. एक फूल विकण्याजोगं नव्हतं.

“मच्छिंद्रभाऊ, पूड स्पिरिटमध्ये कालवलीत ना?”

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे.

“न्हाय, साहेब.”

“मग तीन बाटल्या गेल्या कुठं?”

“वतून दिल्या. कुंपनापशी.”

संस्थेत कोण पूर्वी काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

“प्यायलास तू,” ते हळूच म्हणाले. “अरे, विष असतं ते! मेला असतास.”

“न्हाय, साहेब. आईच्यान न्हाय.”

“उद्यापासून येऊ नकोस.”

नोकरी गेली ती गेलीच; पण अहो-जाहोचं ‘तू’ झालं, ते मच्छिंद्रला नोकरीपेक्षा जड गेलं. कुंपणाशी जाऊन त्यानं माती उकरून पाहिली. ती आपली साधी माती होती, कसलाच वास नसलेली.

तो घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. मथुराबाई दारातच उभी होती. मच्छिंद्र तिच्यासमोर थांबला आणि न सांगताच त्यानं आ केला.

ती पुढं झाली नाही. डोळे पुसून आत गेली आणि रांजणातल्या तळाच्या पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“काका येऊन बसल्यात,” ती खाली बघत म्हणाली. “आदी चूळ भरा.”

मच्छिंद्रनं तांब्या घेतला. अंगणाच्या कडेला जाऊन त्यानं तीनदा चूळ भरली, आणि उरलेलं पाणी न सांडता परत आणून दिलं.