दगा न देणारी गाडी

शाळेतल्या बाई तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा त्यांच्या गाडीचा पुढचा बंपर तुटून एका बाजूला लोंबत होता. त्या वर्कशॉपच्या काउंटरकडे वळल्याच नाहीत. सरळ आत आल्या आणि धाकटीसमोर उभ्या राहिल्या.

"आधीच्या दोन्ही कागदांवर सही तुमचीच होती ना?"

आवाज चढलेला नव्हता. धाकटीनं मान हलवली. दोन्ही वेळा तक्रार एकच होती, ब्रेकचं पेडल मध्येच दगडासारखं कडक होतं. दोन्ही वेळा तिनं गाडी फिरवून आणली होती, चाकं काढून ब्रेक तपासले होते, आणि खाली लिहिलं होतं, 'दोष आढळला नाही'.

"पुलाच्या उतारावर झालं," बाई म्हणाल्या. "समोर सायकलवर एक म्हातारा होता. त्याला चुकवायला मी गाडी भिंतीवर घातली. तो वाचला. पण मला आता डोळे मिटले तरी तोच दिसतो."



ती या वर्कशॉपमधली एकुलती एक बाई मेकॅनिक. दोन बहिणींत लहान म्हणून घरी तिला धाकटी म्हणत, आणि इथंही तेच नाव पडलं, कारण तिचे वडील आप्पा इथेच सव्वीस वर्षं हेडमिस्त्री होते आणि चारचौघांत हाक मारतानाही ते 'धाकटे' असाच पुकारा करत. आप्पांनी नोकरी धरली तेव्हा वर्कशॉपची ही जपानी कंपनी नवीन होती. लोक तिच्या गाड्यांना पत्र्याचे डबे म्हणून हसायचे. पहिल्या गाड्यांना दारांच्या कडांना गंज चढायचा आणि थंडीत त्या सुरूच व्हायच्या नाहीत. पुढे दिवस असे पालटले की लोक डोळे झाकून ती गाडी घेऊ लागले. बापानं वापरलेली गाडी मुलगी वापरायची, मग भाचा मागून न्यायचा. तेल बदला आणि विसरून जा, असं लोक एकमेकांना सांगायचे. आप्पा तर घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं कंपनीबद्दल बोलत. त्यांच्या निवृत्तीनंतर दोघी मुलींनी मिळून त्यांना याच कंपनीची नवी पांढरी गाडी घेऊन दिली, तेव्हा त्यांनी चावी हातात घेऊन आधी बॉनेटच उघडलं.

मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. त्यानं बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग धाकटीला बाजूला घेतलं.

"घाबरून ब्रेकऐवजी दुसऱ्याच पेडलवर पाय पडला असेल. होतं तसं. या कंपनीच्या गाड्यांचे ब्रेक जात नाहीत."

"त्या तीनदा तेच सांगतायत, साहेब."

"आणि तू दोनदा काही नाही म्हणून लिहिलंयस. तिसऱ्यांदा वेगळं काय लिहिणार?"

हे खरंच होतं, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं. तिनं शाळेतल्या बाईंना विचारलं, "असं होतं तेव्हा गाडी किती वेळ चाललेली असते?" बाई म्हणाल्या, तासभर तरी. धाकटीच्या लक्षात आलं की तिनं दोन्ही वेळा गाडी सकाळी, थंड असताना तपासली होती.

तिनं ती गाडी मागच्या अंगणात उन्हात लावली. बॉनेट बंद, इंजिन चालू, एसी पूर्ण. पाऊण तास ती शेजारी उभी राहिली. मग बॉनेट उघडलं. गरम हवेचा लोट तोंडावर आला. तिनं एका सहकाऱ्याला आत बसवलं. "ॲक्सिलेटर दाब, आणि एकदम सोड," ती म्हणाली. उतारावरून गाडी येते तेव्हा असंच होतं. इंजिन जोरात फिरत असतं आणि पाय ॲक्सिलेटरवर नसतो.

त्यानं सोडलं आणि तिला ते दिसलं.

इंजिनातून ब्रेकच्या डब्याकडे एक काळा रबरी पाइप जातो. इंजिन त्यातून हवा ओढतं, म्हणून आपल्याला पेडल हलकं लागतं. घट्ट सरबत नळीनं ओढताना नळी चपटी व्हावी, तसा तो तापलेला पाइप मधोमध चपटा झाला होता. सहकाऱ्यानं ब्रेक दाबला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो आतून ओरडला, "अगं, हे खाली जातच नाहीये!"

इंजिन बंद करून तिनं वाट पाहिली. दहा मिनिटांत पाइप थंड झाला आणि पुन्हा गोल झाला. जणू काही घडलंच नव्हतं.

ती मॅनेजरकडे धावली. त्यानं ऐकलं, त्याचा चेहरा उतरला, पण तो म्हणाला, "एका गाडीवरून कंपनीला कळवायचं? एखादा पाइप खराब निघाला असेल."

"पाइप कंपनीचाच आहे. वर नंबर आहे. ही ज्या महिन्यात बनली, त्या महिन्यातल्या सगळ्या गाड्यांना..." आणि ती बोलता बोलता थांबली.

पांढरी गाडी. तोच महिना. तिनं स्वतः कागद बघून घेतली होती.

आणि आप्पा आज सकाळी आईला घेऊन डोंगरावर मावशीकडे गेले होते. जेवून परत निघणार होते. घाट अकरा किलोमीटरचा. आप्पांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. तिनं आप्पांचा नंबर फिरवला.

फोन आईनं उचलला. "अगं, निघून तास झाला बरं का. मावशीनं लोणचं दिलंय तुझ्यासाठी."

"आई, कुठं आहात?"

"घाट लागला आत्ताच. का गं?"

मागून आप्पांचा आवाज आला. "तिला सांग, गाडी चालवताना मी बोलत नसतो."

"आई, फोन स्पीकरवर टाक."

"ते कुठलं बटण?"

"कानाशी लावतेस ना, तिथून काढ, समोर धर. कर्ण्याचं चित्र आहे बघ."

"हे? नाही, हे नाही. थांब हं."

मग एकदम रस्त्याचा घरघराट ऐकू आला.

"आप्पा, गाडी बाजूला घ्या. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं?"

"व्हॅक्यूम पाइप तापल्यावर चपटा होतोय. ब्रेक कडक होतो. आपलंच मॉडेल."

"कोण म्हणतं?"

"मी बघितलं. डोळ्यांनी."

"कंपनीचा पाइप? ओरिजिनल?" आप्पा हसले. "धाकटे, काहीतरी चुकलं असेल तुझं बघण्यात. मी सव्वीस वर्षं..."

वाक्य तिथेच तुटलं. नुसता घरघराट येत राहिला.

"आप्पा?"

"दगड झालाय," आप्पा म्हणाले.

असा आवाज तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. लहानपणी तिचं बोट पंख्याच्या पट्ट्यात सापडलं होतं, तेव्हाही ते शांत होते. हा आवाज कोणा अनोळखी म्हाताऱ्याचा होता.

"ब्रेक गेलेला नाही, आप्पा. फक्त जड झालाय. सगळं वजन टाका पायावर. गिअर खाली घ्या. तिसरा, मग दुसरा."

इंजिनाचा सूर बदलला नाही.

"आप्पा, गिअर!" ती किंचाळली. सगळं वर्कशॉप तिच्याकडे वळलं.

"हो. हो, घेतो." इंजिन रडल्यासारखं चढत गेलं. "गुडघा साथ देत नाही गं. जोरच लागत नाही."

"इंजिन बंद करू नका. स्टिअरिंग जड होईल."

"वळण आहे," आप्पा म्हणाले. "मोठं वळण आहे."

"मी काय करू?" हा आईचा आवाज होता. आईनं आयुष्यात कधी गाडीचं चाक हातात धरलं नव्हतं. तिला मागच्या सीटवरसुद्धा डोळे मिटून बसायची सवय होती. "अगं, सांग ना मला, मी काय करू?"

"आई, दोन सीटांच्या मध्ये हँडब्रेकचा दांडा आहे. टोकाला बटण आहे. ते अंगठ्यानं दाबून धर, सोडायचं नाही, आणि दांडा हळूहळू वर ओढ. एकदम नाही. पदर ओढतेस तसं, हळू."

"दोन्ही हातांनी?"

"दोन्ही हातांनी. हळू. अजून. आप्पा, डोंगराच्या बाजूला घ्या, दरीकडे नाही!"

एका ट्रकचा भोंगा आला, लांबलचक, जवळ येत जाणारा. मग पत्रा घासत जाण्याचा आवाज. आई काहीतरी म्हणाली, कदाचित आप्पांना, आणि फोन बंद झाला.

धाकटीनं पुन्हा लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

मॅनेजरनंच वर्कशॉपच्या व्हॅनची चावी घेतली. "चल," एवढंच तो म्हणाला.

घाट चढायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. प्रत्येक वळणावर ती आधी कठड्याकडे बघत होती, तो अखंड आहे का ते. एके ठिकाणी कठडा तुटलेला दिसला आणि तिनं तिकडे बोट दाखवलं. मॅनेजरनं गाडी हळू केली, वाकून पाहिलं. "जुनं आहे," तो म्हणाला. "गवत उगवलंय त्याच्यावर." पुढच्या वळणावर खाली दरीत काहीतरी पांढरं चमकलं. तो धबधब्याचा सुकलेला खडक होता. तिनं देवाचं नाव घेतलं नाही. ती नुसती आकडे मोजत होती, एक, दोन, तीन, कारण थांबली असती तर डोळ्यांसमोर चित्रं आली असती.

सातव्या किलोमीटरला गाडी दिसली. डोंगराकडच्या गटारात दोन चाकं, डावी बाजू मागपर्यंत खरवडलेली. आई एका दगडावर बसली होती. ट्रकवाला तिला पाणी पाजत होता. तिचे दोन्ही हात पुढे, मुठी आवळलेल्या, अजून दांडा धरल्यासारखे. धाकटीनं त्या मुठी एक एक बोट करून सोडवल्या.

"सोडलं नाही मी बटण," आई म्हणाली. तेवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

आप्पा बॉनेट उघडून उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ये, बघ," ते म्हणाले. पाइपवर त्यांचं बोट होतं. पाइप गोल होता, मऊ, काळा, नव्यासारखा. "काहीच दिसत नाही. तुझ्या जागी मी असतो ना, तर मीसुद्धा सही केली असती." आणि मग हा सत्तरीचा माणूस इंजिनवर हात टेकून हमसून रडला. ट्रकवाल्यानं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा काठी टेकत वर्कशॉपमध्ये आले आणि मॅनेजरसमोर बसले. मॅनेजरनं चाचरत म्हटलं, वर कळवलं तर कंपनीच्या नावाला धक्का लागेल.

"नाव कसं झालं, ठाऊक आहे तुम्हाला?" आप्पा म्हणाले. "पहिली काही वर्षं मी रोज संध्याकाळी बसून लिहायचो. कुठल्या दाराला गंज, कुठल्या गाडीचा कोणता बोल्ट सैल. एकही तक्रार आम्ही दाबली नाही. सहा महिन्यांत तो भाग बदलून यायचा. लोकांना वाटतं, गाड्या बिघडल्या नाहीत म्हणून नाव झालं. बिघडल्या होत्या. आम्ही सांगत होतो." त्यांनी खिशातून चार पानं काढून टेबलावर ठेवली. "यावर मी सही केलीय. धाकटीनं केलीय. तुमची राहिलीय."

मॅनेजरनं पानं दोनदा वाचली. मग पेन उचललं.

कंपनीनं पाच आठवड्यांनी कबूल केलं आणि त्या काळात बनलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या. ते पाच आठवडे धाकटीनं कसे काढले ते तिलाच माहीत. कंपनीची वाट न पाहता ती यादी घेऊन गिऱ्हाइकांना फोन करत होती. फोन उचलला नाही की तिच्या डोक्यात नाही नाही ते यायचं. कोणी झोपलेलं असायचं, कोणी फोन घरी विसरलेलं. शाळेतल्या बाईंच्या घरी ती स्वतः गेली आणि दारातच म्हणाली, "माझं चुकलं." बाईंनी तिला आत बोलावलं, पण त्यांनी गाडी पुन्हा चालवली नाही. पाइप बदलूनही नाही.

यादीत एकशे बारा गाड्या होत्या. एकशे अकरा आल्या.

उरलेल्या एकीच्या मालकानं ती कधीच विकली होती, ज्याला विकली त्यानंही पुढे विकली होती, आणि तिसऱ्याचा पत्ता कागदावर चुकीचा होता. राखाडी रंग, मागच्या काचेला तडा, एवढंच कळलं. आप्पा आता गाडी चालवत नाहीत. ते धाकटीच्या शेजारी बसतात आणि राखाडी गाडी दिसली की म्हणतात, "हळू कर, मागची काच बघू दे." दवाखान्यांच्या, बाजारांच्या आवारात ते काठी टेकत रांगांमधून फिरतात, आणि त्या मॉडेलच्या प्रत्येक राखाडी गाडीच्या वायपरखाली चिठ्ठी अडकवतात. चिठ्ठीत त्यांच्या जुन्या, टोकदार अक्षरात फोन नंबर असतो आणि एक ओळ, 'उतारावर नेऊ नका, आधी मला फोन करा.'

फोन अजून आलेला नाही.