मानाची खुर्ची आणि टवके उडालेलं घमेलं

मित्रांनो, मी नाशिकच्या एका चर्चमधली जुनी मानाची खुर्ची आहे. अंगाने सागवानी, स्वभावाने जळकुटी.

१९९१ साली पंचवटीतल्या चिमाजी सुतारांनी मला घडवलं आणि लाल मखमलीची गादी बसवली. बिशपसाहेब आले की माझ्यावर बसत. हार, शाल, गुलाबपाणी, सगळा मानपान माझ्यापुढे होई. चर्च झाडणाऱ्या लताबाई मला रोज पुसत. त्यांच्याकडे मी कधी धड पाहिलंही नाही.

माझा डोळा होता एका टवके उडालेल्या घमेल्यावर. वर्षभर ते कोठीत पडलेलं असे. पण पवित्र गुरुवारी, म्हणजे प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीच्या दिवशी, त्याचा थाट काय विचारता! प्रभूच्या बारा शिष्यांच्या जागी बारा जण बाकावर बसत आणि चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब कमरेला पंचा बांधून, त्यांचे पाय धुवायला त्या घमेल्यापाशी गुडघे टेकत. माझ्यापुढे कधी कोणी गुडघे टेकले नव्हते. माझा नुसता तिळपापड होई. बरं, ते बारा जण घरूनच साबणाने पाय घासून, नखं कापून येत! पाणी शेवटपर्यंत नितळच राही. कसला डोंबलाचा मान, असं म्हणून मी मनाचं समाधान करून घेई.

२००२ सालच्या पवित्र गुरुवारी बारांपैकी सिन्नरचे गोटीराम आलेच नाहीत; त्यांची एसटी वाटेत बंद पडली. बाकावर अकराच जण. पाळकसाहेबांनी दाराशी उभ्या लताबाईंना बोलावलं.

"नको साहेब! आत्ताच अंगण झाडलंय. पाय लय घाण हायेत. धुऊन येऊ का?"

"अहो, धुवायलाच तर बोलावतोय."

समितीतले झुंबरभाऊ कुरकुरले, "साहेब, शिष्य तर पुरुष होते."

"झुंबरभाऊ, शिमोन नावाच्या प्रतिष्ठिताने प्रभूला घरी जेवायला बोलावलं, पण पाय धुवायला पाणी दिलं नाही. तिथे अश्रूंनी प्रभूचे पाय भिजवले ते एका बाईनेच ना?"

लताबाईंचे गुडघे धरलेले, ठेंगणा बाक त्यांना जमेना. म्हणून पाळकसाहेबांनी मला पुढे ओढलं. माझी इतक्या वर्षांची इच्छा पुरी होत होती, आणि बसणार कोण, तर लताबाई! खोटं कशाला बोलू, मी नाक मुरडलं.

गादी मळू नये म्हणून त्या अगदी कडेला अवघडून बसल्या. त्या दिवशी घमेल्यातलं पाणी पहिल्यांदा गढूळ झालं. पाळकसाहेबांनी टाचांच्या भेगांतली माती अंगठ्याने हळूच काढली. लताबाईंनी पदर तोंडाशी धरला. त्यांची थरथर मला पार पायांपर्यंत जाणवली. घमेल्याचा मला पुन्हा हेवा वाटला, पण या वेळी वेगळा. त्याने त्यांची माती घेतली होती, आणि मी अकरा वर्षं त्यांच्याकडून फक्त पुसून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी लताबाई फडकं घेऊन आल्या. पाठ पुसली, हात पुसले. मग जिथे त्या स्वतः बसल्या होत्या, ती गादीची कड त्या पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या. तिथे डाग नव्हता.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. तुमची खुर्ची जे हात पुसतात, त्यांना एकदा तरी "बसा" म्हणा.