पत्र्यावरचे पाच थर

साहेब, पेंटरला त्याच्या जन्मघरातून तुम्ही हुसकावलंत. आता कागदाआड लपू नका.

त्याच्या जन्मदाखल्यावर ‘राणीचा रस्ता’ होता आणि दारावर डकवलेल्या नोटिशीत ‘एकजूट मार्ग’.

“दोन्ही एकच आहेत याचा पुरावा आणा, काका. नाहीतर शुक्रवारी घर खाली,” कचेरीच्या खिडकीतली बाई म्हणाली.

“रस्त्याची पाटी मीच रंगवतो, बाई. पन्नास वर्षं झाली.”

“राणीचा रस्ता दप्तरात नाहीच.”

नसणारच. प्रत्येक राजवटीने आधी दप्तर जाळलं, मग पेंटरला बोलावलं.

“काय म्हणाली हो?” घरी बायकोने विचारलं.

“म्हणाली, तू जन्मलाच नाहीस.”

“बरं झालं. मरायची कटकट वाचली.”

हसता हसता पेंटर थांबला. नवं नाव घालण्याआधी जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडायचा, असा नियम. पेंटर पक्का कामचुकार. जन्मभर त्याने जुन्यावरच रंगाचा हात फिरवला होता.

दुसऱ्या दिवशी पाटी उतरवून नवरा-बायको खिडकीशी हजर. पेंटर पट्टीने खरवडू लागला. एकजुटीचा निळा रंग सोलला, खाली सेनापतीचा काळा. तिथे त्याचा हात अडला.

काळ्या थरात त्यांचा मुलगा होता. चहा अर्धा टाकून चौकशीला गेला, तो गेलाच. त्याच आठवड्यात बापाने सेनापतीचं नाव रंगवलं होतं. सुबक. घरात पीठ नव्हतं.

“खरवडा,” बायको म्हणाली. “थांबू नका आता.”

काळा गेला. मग हुतात्म्यांचा लाल. त्याखाली पुढाऱ्याचा हिरवा, त्या साली त्यांचं लग्न झालेलं. आणि सगळ्यात तळाला पांढरी अक्षरं: राणीचा रस्ता. वळण पेंटरच्या बापाच्या हातचं.

बाईने पाटीवरून बोट फिरवलं. “आहे की हो, काका!” म्हणाली आणि धावत तुम्हाला बोलावून आली.

तुम्ही पाटी पाहिली. साहेब, तुम्ही वाचलीत. ओठ हललेले त्या दोघांनी पाहिले. आणि म्हणालात, “सरकारी मालमत्तेची नासधूस. गुन्हा नोंदवा.”

शुक्रवारी खाट, स्टोव्ह आणि रंगाचे डबे बाहेर आले. बिनपाटीच्या खांबाला टेकून म्हातारा-म्हातारी बसली. कोणी पत्ता विचारला, तर पेंटर नुसता वर बघायचा.

पाटी तुमच्या कपाटात आहे. तिला चिठ्ठी बांधली आहे: ‘पुरावा’.

कशाचा, साहेब? बोला.