बेल्जियम नावाची पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे, आणि माझं नाव बेल्जियम. हसू नका, मित्रांनो! अमेरिकेत अ‍ॅशबर्नमधल्या रविवारच्या मराठी शाळेत एके काळी माझा मोठा मान होता.

मला श्रीरंगकाकांनी बनवलं. काका आयुष्यभर कॉलेजात युरोपचं राजकारण शिकवत आले. निवृत्तीनंतर त्यांनी पाईनच्या फळ्या कापल्या, घासल्या आणि एकेकीवर एकेका देशाचं नाव रंगवलं. मग शाळेत आम्हाला टेबलावर मांडून मुलांची युरोपची सभा भरायची. प्रत्येक पाटीमागे एक मूल बसायचं. माझ्यामागे मात्र दोघं.

असं का, तर बेल्जियम देश एक, पण उत्तरेकडचे फ्लँडर्सवाले डच बोलतात आणि दक्षिणेकडचे वलोनियावाले फ्रेंच. काही विषयांवर दोघांचं जमलं नाही तर युरोपच्या सभेत देशाला मतच देता येत नाही. काका सांगायचे, स्कॉटलंड, कॅटलोनिया अशा कितीतरी प्रांतांना वाटलं होतं, युरोप एक झाला की आपल्यालाही तिथे स्वतःची खुर्ची मिळेल. मिळाली फक्त सल्ला देणारी समिती. तिचं ऐकायलाच हवं असं कुणावर बंधन नाही.

फ्लँडर्स होती हिमानी, मनोहरकाकांची मुलगी, मूळची पुण्याची. वलोनिया होता नागपूरच्या कांचनकाकूंचा कुश. दोघं इतकी भांडायची की मला सारखं पालथं पडावं लागायचं, कारण एकमत नसेल तर पाटी पालथी, असा काकांचा नियमच होता. टेबलाला नाक घासून माझा जीव नकोसा व्हायचा. पण एकदा दुधाच्या कायद्यावर दोघं पोटॅटो चिप्स खात खात बोलत बसली आणि शेवटी दोघांनी मिळून मला उभं केलं. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

मोठ्यांचं मात्र जमेना. शाळा चालवणाऱ्या मराठी मंडळाची कमिटी वर्षानुवर्षं पुण्या-मुंबईच्याच लोकांची. स्नेहसंमेलनात कांचनकाकू कोथिंबीर भरलेली नागपुरी सांबारवडी सुचवायच्या आणि पानात दरवेळी बटाटेवडाच पडायचा. शेवटी भर सभेत त्या उभ्या राहिल्या. "मनोहरभाऊ, या मंडळात आमची खुर्ची कुठे आहे, सांगून द्या नं." मनोहरकाका अध्यक्ष होते. ते समोरचे कागद चाळू लागले. श्रीरंगकाकांनी सुचवलं, अध्यक्षाची एकच खुर्ची दोन्हीकडच्यांनी आळीपाळीने वापरा. त्यावर लोक चक्क हसले. काकूंचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

त्यांनी वेगळं मंडळ काढलं. मग मनोहरकाकांच्या ड्राइव्हवेमध्ये सामानाची वाटणी झाली. स्पीकर, सतरंज्या, मोठी पातेली, आणि शेवटी आमचं खोकं. कुणाला अन्याय वाटू नये म्हणून एक पाटी तुम्हाला, एक आम्हाला! फ्रान्स काकूंच्या गाडीत गेला, जर्मनी इथे राहिला. श्रीरंगकाका कळवळून म्हणाले, "अहो, हा खेळ आहे. तो अर्धा होत नाही." मनोहरकाका म्हणाले, "काका, वाद नको. सगळं समान झालेलं बरं." शिकल्यासवरल्या माणसांनी युरोपचे दोन ढीग केले, आणि अर्ध्या युरोपची सभा भरत नाही हे एकालाही पटलं नाही. काका तसेच घरी गेले. त्यानंतर ते शाळेत आले नाहीत.

आता मी मनोहरकाकांच्या गॅरेजमध्ये, हिवाळ्यात बर्फासाठी लावायच्या टायरांमागे पडून आहे. ओलीने माझा रंग सुटतोय. त्या तिकडच्या पाट्याही कुठेतरी अशाच पडल्या असतील.

परवा हिमानी मला शोधत आली. तिने बाहीने माझी धूळ पुसली आणि बाबांना विचारलं, कुशला बोलावू का? मनोहरकाका टायर बदलत होते. मान वर न करता ते म्हणाले, त्यांचं आता वेगळं आहे.

"पण बाबा," हिमानी म्हणाली, "कुश इज हाफ माय कंट्री."

मनोहरकाकांच्या हातातला पाना तसाच राहिला. मग ते पुन्हा नट आवळू लागले. हिमानीने मला परत टायरांमागे ठेवलं.

मित्रांनो, मोठ्यांना वेगळं व्हायचं असेल तर होऊ द्या. त्यांची कारणंही खरी असतील. पण तुम्हाला कुणी वाटून घेऊ लागलं, तर गप्प राहू नका. एकमेकांच्या घरी जा, भांडा, आणि शेजारी बसा. आणि लवकर करा रे, माझ्यावरचं नाव आता जेमतेम वाचता येतं.