आईच्या तोंडी लिनक्स

आईच्या स्वरतंतूंवरची गाठ काढली आणि डॉक्टरीणबाईंनी तिला तीन आठवडे बोलायला बंदी घातली.

"कुजबुजायचंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "कुजबुजण्याने घशावर उलट जास्त ताण येतो."

आईने शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि बाहेर येताच माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला. मी तिची फाईल आतच विसरलो होतो. एरवी हे तिने तोंडाने सांगितलं असतं आणि इमारतीच्या तिन्ही मजल्यांना कळलं असतं.

एकतीस वर्षं ती मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी रिले शर्यतीच्या मुलींचा सराव घ्यायला मैदानावर जायची. एका टोकाला उभी राहून दुसऱ्या टोकाच्या मुलीला "मान वर!" म्हणून ओरडली की रस्त्यावरची चार माणसंही मान वर करून चालायला लागत. मुली पाठीमागे तिला भोंगा म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

पहिले तीन दिवस तिने वहीत लिहून दाखवलं. पण तिचं अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून काढलेलं. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर वही आपटली. मी वाचलं, 'नळ बदल.' पाना-पक्कड काढून मी स्वयंपाकघरातला नळ उघडून बसलो. तिने लिहिलं होतं, 'नळ बंद.' गच्चीवर नळ चालू राहून टाकी भरून वाहत होती.

मोबाईलवर तिची बोटं एकदम तीन अक्षरांवर पडत. मात्र तरुणपणी ती टायपिंगची परीक्षा पास झाली होती आणि मोठ्या कीबोर्डवर तिचे हात अजून भरभर चालत. म्हणून मी दुकानातून सगळ्यात स्वस्त लॅपटॉप उचलून आणला. स्वस्त का, ते घरी आल्यावर कळलं. सुरू व्हायला त्याला दहा मिनिटं लागत, आणि सुरू झाला की तो म्हणे, मला अपडेट हवा आहे, पण माझ्यात जागा नाही. जागा करायला काही पुसायला जावं, तर आत पुसण्यासारखं काहीच नव्हतं. त्याची स्वतःचीच प्रणाली सगळं घर अडवून बसली होती. आई एक ओळ टाइप करून हात मांडीवर ठेवायची, आणि अक्षरं मागाहून एकेक करून यायची, उशिरा येणाऱ्या पोरांसारखी.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. यंत्रांना मी घाबरत नाही. पण लिफ्ट बिघडली तर ती मुकाट उभी राहते, माझ्याशी वाद घालत नाही.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक इलेक्ट्रिशियन आहे. त्याच्या टी-शर्टवर पेंग्विन, चहाच्या मगावर पेंग्विन, हेल्मेटवरही पेंग्विन, म्हणून आम्ही त्याला पेंग्विनच म्हणतो. त्याला लॅपटॉपचं रडगाणं सांगितलं, तर त्याचे डोळे चमकले.

"त्यातली प्रणाली काढ आणि लिनक्स टाक, या पेंग्विनवालं! फुकट आहे, हलकं आहे. आणि आईने टाइप केलेलं ते बोलूनही दाखवेल. मराठीत!"

"बोलून दाखवेल?"

"अर्ध्या तासाचं काम आहे रे."

आपण मूर्ख आहोत हे माणसाला लगेच कळलं असतं, तर जगात किती वेळ वाचला असता. मी त्याच्याकडून लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून घेतला आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी बसलो.

लॅपटॉपला पेनड्राइव्ह दिसेचना. मी फोन केला.

"असं होतं स्वस्तातल्या मशीनमध्ये," पेंग्विन म्हणाला. "त्यात एक छोटी फाईल जास्तीची टाकावी लागते."

"मग आधी का नाही टाकलीस?"

"तुझंही मशीन तसलंच निघेल असं वाटलं नव्हतं."

फाईल टाकली. लिनक्स सुरू झालं, पण आडवं. सगळा पडदा कुशीवर झोपला होता. मी लॅपटॉप उभा करून मांडीवर धरला, तर बाण वर न्यायला गेलो की उजवीकडे पळे. आई शेजारी बसून मान वाकडी करून बघत होती. मग तिने वही ओढून मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि या वेळी ते मला नीट वाचता आलं. 'मानेचंही ऑपरेशन करायचंय का?'

मी हट्टाला पेटलो होतो. जुनं सगळं पुसून टाकलं, लिनक्स बसवलं, आणि संध्याकाळपर्यंत पडदा सरळ केला. आता मागे जायची वाट नव्हती, आणि पुढे वाय-फाय नव्हतं. त्याला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागत होता. तो इंटरनेटवरून उतरवायचा होता. इंटरनेटसाठी वाय-फाय लागत होतं.

चार दिवस मी कामावरून आलो की या खड्ड्यात उतरत होतो. पाचव्या दिवशी पेंग्विन सहज म्हणाला, "अरे, मोबाईल केबलने जोड ना. मोबाईलचं नेट लॅपटॉपला मिळतं."

"हे तू चार दिवसांपूर्वी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

मी तेव्हा तोंड उघडलं असतं, तर माझ्याही घशाचं ऑपरेशन करावं लागलं असतं.

वाय-फाय आलं. मराठी कीबोर्ड आला, आधी चुकीचा, मग आईच्या सवयीचा. अक्षरं आता बोटांबरोबर उमटत होती, आणि आईने पहिल्यांदा माझ्याकडे जरा बऱ्या नजरेने बघितलं. मग मी बोलणारा प्रोग्रॅम टाकला, तिने वाक्य लिहिलं, मी बटण दाबलं. काही नाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये पाहिलं, तर स्पीकरच्या जागी लिहिलेलं होतं 'डमी आउटपुट'. म्हणजे माझं मशीन आवाज काढत होतं, फक्त तो कुठे जात होता ते त्याचं त्यालाच माहीत.

इंटरनेटवर माझ्यासारखे शेकडो दुःखी जीव होते. कुणी म्हणे ही फाईल बदला, कुणी म्हणे ती पुसा. एकाने लिहिलं होतं, 'सुटलं! धन्यवाद!' आणि कसं सुटलं ते न सांगता तो कायमचा निघून गेला होता. त्याचा पत्ता मिळाला असता, तर मी रजा काढून गेलो असतो.

शेवटी पेंग्विनने सूचनांची चार पानं छापून दिली. मी त्यातल्या आज्ञा भराभर टाइप करत गेलो. डमी गेलं, खऱ्या स्पीकरचं नाव आलं. आवाज मात्र नाहीच. मी लॅपटॉप मिटला, टेबलावर डोकं टेकलं आणि म्हणालो, "आई, हा उद्या भंगारात."

आईने चष्मा लावला. चारही पानं हातात घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, ओळीखाली बोट सरकवत. मी ती पानं कधी अशी वाचलीच नव्हती. जिथे आज्ञा दिसेल तिथे उडी मारत होतो. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं. तिने लॅपटॉप उघडला, पानावरची आज्ञा अक्षर अक्षर लावून टाइप केली आणि काळ्या खिडकीत उभे पट्टे आले. स्पीकरच्या पट्ट्याखाली दोन एम होते. पानावर लिहिलं होतं, दोन एम म्हणजे आवाज बंद आहे, चालू करायला एमचं बटण दाबा.

तिने एम दाबला.

मग वाक्य लिहिलं, आणि लॅपटॉप बोलला. आवाज पुरुषाचा होता. विहिरीत पडलेल्या माणसाने नाक धरून बोलावं तसा.

"दाढी कर. बारा दिवस झाले."

मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. आई हसू शकत नव्हती, तिने टेबल बडवलं.

त्या आनंदात आम्ही मावशीला फोन लावला. मावशी दूरच्या गावी असते, आईच्या काळजीने रोज मला पिडायची. मी आईचा फोन लॅपटॉपजवळ धरला.

"मी ताई बोलते आहे," विहिरीतला माणूस म्हणाला. "माझी काळजी करू नकोस."

पलीकडून मावशी किंचाळली, "कोण रे मेल्या तू? ताईचा फोन तुझ्याकडे कसा? काय केलंस तिला?"

आई घाईघाईने टाइप करत होती. "मीच आहे. ओरडू नकोस. मुलगा माझ्याजवळ आहे."

"मुलगाही धरलाय!" मावशी रडायलाच लागली आणि फोन कट झाला. मी माझ्या नंबरावरून फोन केला तर मावशी तो उचलेना. अर्ध्या तासाने उचलला, तोवर तिने सगळ्या नात्यात बोंब मारली होती. पुढचे दोन दिवस मी फोनवर एकच गोष्ट सांगत होतो, की आई सुखरूप आहे आणि तो माणूस म्हणजे लिनक्स.

तीन आठवडे संपले. डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला. "छान भरलंय. आता रोज दहा मिनिटं बोला, हळू. पुढे वाढवू."

आईने लॅपटॉप सोबत आणला होता. "मैदानावर कधी ओरडू शकेन?" विहिरीतल्या माणसाने विचारलं.

डॉक्टरीणबाई आधी दचकल्या. मग आईकडे बघत म्हणाल्या, "ओरडणं नाही हो, बाई. आता कधीच नाही. पुन्हा गाठ आली तर आवाज राहणार नाही."

संध्याकाळी घरी आई माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने लिहिलं, 'याला मोठा स्पीकर लागेल?'

लागला. आकड्यांची बटणंही मी ठरवून दिली. एक दाबलं की "पळ", दोन दाबलं की "हात मागे", तीन दाबलं की "मान वर". दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर खुर्ची, टेबल, लॅपटॉप आणि स्पीकर मांडले. मुलींनी तो आवाज ऐकला आणि त्या गवतावर लोळून हसल्या. आईने त्यांना हसू दिलं. मग धावायला लावलं.

पहिली मुलगी हातात रिलेचा दांडा घेऊन दुसरीच्या जवळ आली. आईने दोन दाबलं. मशीनने विचार केला. तेवढ्यात दुसरीने हात मागे न करताच धाव घेतली, दांडा गवतात पडला, आणि मग सगळ्या मैदानावर घुमलं, "हात मागे."

पुन्हा तेच. मी मध्ये पडून काहीबाही दाबलं, सेटिंग बदललं, दोन दाबल्यावरही "पळ" वाजू लागलं आणि उभ्या असलेल्या सगळ्या मुली पळत सुटल्या. दांडा सहाव्यांदा पडला तेव्हा आईचा चेहरा लालबुंद झाला होता. तिने छाती भरून श्वास घेतला. मी ओळखलं, ती ओरडणार.

"आई, नको!" मीच ओरडलो.

तिने तोंड मिटलं. लॅपटॉपही मिटला, मग ती उठली आणि तरातरा धावपट्टीवर गेली. दांडा बदलायच्या जागी, रेषेला चिकटून, मुलीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. पलीकडून येणाऱ्या मुलीला तिने हाताने खूण केली. ती धावत आली. आई वाकली आणि उभ्या मुलीच्या कानाशी हळूच म्हणाली, "आता. हात मागे."

आवाज बारीक होता, थोडा चरचरीत. तीन आठवड्यांत मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. दांडा हातात बसला, मुलगी सुटली आणि वळण पार करून परत आली ती धापा टाकत.

"बाई," ती म्हणाली, "तुमचा आवाज असा आहे होय? आम्ही कधी ऐकलाच नव्हता."

आईने घड्याळाकडे पाहिलं. "दहातलं एक मिनिट तू खाल्लंस," ती तितक्याच हळू म्हणाली. "चल, जागेवर. आणि बाकीच्यांनो, जवळ या. मी परत परत सांगणार नाही."

ते ऐकू यावं म्हणून सगळ्या मुली तिच्याभोवती दाटीने उभ्या राहिल्या.