अर्ध्या टाकीतला फेस

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे, पण गच्चीवरची नव्हे. दूर उभं राहून रिमोटने उडवायच्या छोट्या हेलिकॉप्टरच्या पोटात मी बसते. माझं अंग दुधी, आतलं गुलाबी इंधन बाहेरून दिसेल असं. आत एक मऊ नळी आणि तिच्या टोकाला पितळी वजन. हेलिकॉप्टर कललं की इंधन एका बाजूला जातं आणि वजन नळीला घेऊन त्याच्या मागे. इंजिन त्या नळीतूनच पितं.

माझे मालक कुवाबारा-सान (जपानात आदराने नावापुढे ‘सान’ लावतात) ट्राम चालवून निवृत्त झालेले. शनिवार उजाडला की नदीकाठच्या मैदानावर हजर! त्यांच्या पत्नी फुमिए-सानही येत, पण दुर्बीण घेऊन बगळे बघायला.

एका शरद ऋतूत आमचे ग्रह फिरले. हेलिकॉप्टर झकास उडे आणि थोड्या वेळाने हवेतच इंजिन बंद पडे. दोनदा आम्ही लव्हाळ्यात कोसळलो.

"काय मोटरमन, पुढचा थांबा लव्हाळी का?" त्यांचे मित्र ओनिझुका-सान यांनी चिडवलं.

कुवाबारा-सान हसले नाहीत. "आता पुन्हा पडलं तर मी उडवणं सोडलं," ते म्हणाले. त्या शनिवारांवर तर ते जगत होते.

सारा दोष इंजिनाच्या माथी गेला. त्याचे स्क्रू पिळून झाले. पण कुवाबारा-सान पडले शिस्तीचे. दर तपासणीआधी मला काठोकाठ भरत. भरलेली असताना मी कसली खोडी करणार? खरी गोष्ट मला ठाऊक होती, पण सांगणार कशी?

"अहो, ते पडतं तेव्हा टाकी भरलेली असते का?" एकदा फुमिए-सानांनी विचारलं.

"छे, अर्धी झालेली असते."

"मग भरून काय तपासताय? ताप उतरल्यावर डॉक्टरला बोलावण्यासारखी गत!"

कुवाबारा-सानांनी लगेच इंधनाचा डबा उघडला. मग त्यांनी मला अर्धंच भरलं, लांब उभं राहून हेलिकॉप्टर गुडघाभर उंच उचललं. पाती फिरताना जवळ जाणं धोक्याचं, म्हणून फुमिए-सानांनी दुर्बीण बगळ्यांवरून माझ्याकडे वळवली. एवढं निरखून मला कुणीच पाहिलं नव्हतं. मी लाजले.

"अहो, आत नुसता फेस झालाय!"

हादऱ्यांनी इंधन घुसळलं जात होतं आणि बिचारं इंजिन बुडबुडे पीत होतं.

मग मला मऊ स्पंजाची गादी मिळाली. माझ्या आणि इंजिनाच्या मध्ये एक चिमुकली टाकी आली. ती सदा भरलेली. मी तिला पाजते, ती इंजिनाला. चुकार बुडबुडा आलाच तर तिच्यात वरच तरंगत राहतो. पहिल्यांदा मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

पुढच्या शनिवारी आम्ही उडालो. मी अर्धी झाले. अर्ध्याहून कमी झाले. इंजिनाचा सूर तसाच! तळाशी थोडंसंच उरलं तेव्हा आम्ही अलगद गवतावर टेकलो.

"मोटरमन, आज बरोबर थांब्यावर हं!" ओनिझुका-सान ओरडले. कुवाबारा-सानांनी बाहीने डोळे पुसले.

आता मैदानावर बॅटरीची हेलिकॉप्टरं आलीत. आम्ही दोघी टाक्या हेलिकॉप्टरसकट फळीवर असतो, पण स्वच्छ. मालकांनी आमच्यात कधी शिळं इंधन राहू दिलं नाही. मित्रांनो, तुमचंही एखादं यंत्र, एखादा सोबती मध्येच अडखळला, तर लगेच त्याचे स्क्रू पिळू नका. तो अर्धा रिता झालेला असताना त्याच्याकडे नीट बघा. जवळ जाता येत नसेल, तर फुमिए-सानांकडून दुर्बीण मागून घ्या.